पोट भरल्याचा निरोप कुठं अडतो?

फोंडा तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेनं विचारलं आहे: "मला चौदा वर्षं मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.१ टक्के आली. आमचे डॉक्टर इन्शुलिन सुरू करू म्हणतात. भाचा म्हणतो, ‘थांब मावशी, अमायलिनचं आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन येतंय, त्यानं भूकच आवरते.’ थांबू का? हे अमायलिन रक्तात तपासता येतं का? आणि एक मनातलं विचारते. ताटभर जेवून उठते तरी जेवल्यासारखं वाटत नाही. घरचे म्हणतात, जिभेवर ताबा नाही. हा माझ्या मनाचाच दुबळेपणा आहे का?"

बाई, भाच्याच्या इंजेक्शनाकडं नंतर येतो. आधी घरच्यांच्या त्या वाक्याबद्दल बोलू, कारण ते वाक्य मीही माझ्या पेशंटना अनेक वर्षं ऐकवलं आहे. फोंड्यात दवाखाना घालून मला अठ्ठावीस वर्षं होतील. सुरुवातीच्या काळात कुळागरात राबणारे एक काका दर महिन्याला यायचे. मी त्यांना भातावरून बोलायचो, ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. एकदा मात्र म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगता तेवढंच जेवून उठतो हो, पण पोट काही ‘पुरे’ म्हणत नाही." मी तो बहाणा समजलो आणि वहीत ‘पथ्य पाळत नाही’ असं लिहिलं. त्यांच्या त्या वाक्याला शास्त्रात उत्तर होतं, पण मी ते शोधलं नाही. आता काका नाहीत. निदान तुम्हाला तरी ते उत्तर नीट द्यायचं आहे.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्शुलिन बनवतात, हे तुम्ही मुलांनाही शिकवत असाल. त्याच पेशीतल्या त्याच सूक्ष्म पिशव्यांमध्ये इन्शुलिनच्या शेजारी आणखी एक हॉर्मोन भरलेलं असतं. ते अमायलिन. ३७ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी. आपण जेवलो, रक्तात साखर चढू लागली, की पिशव्या रिकाम्या होतात आणि दोघं एकदमच रक्तात उतरतात. मात्र प्रमाणात मोठा फरक आहे. इन्शुलिनचे शंभरेक रेणू सुटतात तेव्हा अमायलिनचा एखादा. त्यामुळंच की काय, इन्शुलिन टोरांटोत १९२१ साली हाती लागलं आणि त्याचा हा सोबती ओळखायला १९८७ साल उजाडलं.

त्यांची कामं वेगळी आहेत. चोडणची फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. पलीकडच्या धक्क्यावर उतरलेल्या गाड्या झपाट्यानं रस्त्याला लावायच्या, हे काम इन्शुलिनचं: रक्तातली साखर उचलून स्नायूंत, चरबीत, यकृतात पोचवणं. अलीकडच्या धक्क्यावर उभा राहून एका वेळी किती गाड्या फेरीवर घ्यायच्या हे बघणारा माणूस म्हणजे अमायलिन. त्यानं गाड्या अडवायची साखळी धरली नाही तर पलीकडचा कितीही चपळ असला तरी रस्ता तुंबणारच.

ही साखळी तो तीन ठिकाणी धरतो. पहिली जठराच्या तोंडाशी. जेवण आतड्यात हळूहळू सोडलं जातं, म्हणून साखर एकदम न उसळता बेतानं चढते. दुसरी जागा स्वादुपिंडातच. तिथं शेजारच्याच पेशी ग्लुकागॉन नावाचं हॉर्मोन सोडतात आणि ते यकृताला ‘साठ्यातली साखर बाहेर काढ’ असा हुकूम देतं. उपाशीपोटी हा हुकूम हवाच, नाहीतर झोपेतच साखर घसरेल. पण नुकतंच जेवलेल्या माणसाच्या यकृतानं आणखी साखर ओतावी कशाला? जेवणानंतर ग्लुकागॉनला आवर घालण्यात अमायलिनचा हात असतो. तिसरी जागा मेंदूत, आणि तुमचा प्रश्न तिथलाच आहे. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये सहसा एक घट्ट पडदा असतो. मेंदूच्या देठाशी एरिया पोस्ट्रेमा नावाचा एक इवलासा भाग आहे, तिथं हा पडदा सैल आहे. रक्तात काय आलं-गेलं हे तिथल्या पेशींना थेट कळतं. अमायलिन तिथं पोचलं की निरोप पुढं जातो: पुरे. ताट बाजूला सारावंसं वाटतं ते त्या निरोपामुळं. मनाचा निग्रह त्यानंतर येतो.

आता तुमच्या घरच्यांना हे वाचून दाखवा: इन्शुलिन बनवणारी आणि ‘पुरे’चा निरोप धाडणारी पेशी एकच आहे. ती थकली की दोन्ही गोष्टी एकदम कमी होतात. मधुमेहात साखर वाढते तेव्हा आपण माणसाला दोष देत नाही, ‘इन्शुलिन कमी पडतंय’ म्हणतो. त्याच पेशीचा दुसरा स्राव कमी पडला, तर मात्र माणसाला हावरट म्हणतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथं बीटा पेशी जवळजवळ संपलेल्याच असतात, त्यामुळं अमायलिनही नसल्यातच जमा. सत्तरी तालुक्यातून माझ्याकडं एक मुलगा येतो, आता कॉलेजात आहे. वही इतकी नीटनेटकी की बघत राहावं. प्रत्येक जेवणाचं इन्शुलिन मोजून घेतो, वेळा पाळतो, तरी जेवणानंतर तासाभरात साखर अडीचशे-तीनशेवर जाते आणि पुढं काही वेळानं एकदम खाली येते. त्याची आई रडकुंडीला यायची, "याचं चुकतं तरी कुठं?" त्याचं काही चुकत नव्हतं. आपण बाहेरून त्याला इन्शुलिन देतो, सोबती देत नाही. जठर लवकर रिकामं होतं, यकृत जेवणानंतरही साखर सोडत राहतं, आणि हे सगळं त्या टोचलेल्या इन्शुलिनानं एकट्यानं निस्तरायचं.

तुमच्यासारख्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात गोष्ट नाटकासारखी दोन अंकांत घडते. सुरुवातीला शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून बीटा पेशी जास्त इन्शुलिन बनवतात आणि त्याबरोबर अमायलिनही जास्त. वजन वाढलेल्या माणसांच्या रक्तात अमायलिन कमी नव्हे, चढंच सापडतं. पुढं पेशी दमत जातात, आणि मग दोन्ही घटतात. ब्रिटनमध्ये वीस वर्षं चाललेल्या यूकेपीडीएस या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. त्यातून आम्ही डॉक्टर एक गोष्ट शिकलो: निदानाच्या दिवशीच बीटा पेशींची साधारण निम्मी ताकद गेलेली असते, आणि पुढंही ती ओसरत राहते. चौदा वर्षांनी तुमचं स्वादुपिंड कुठं असेल याचा अंदाज यावरून करा.

पेशी का दमतात, याचं एक कारण खुद्द अमायलिनमध्येच दडलेलं आहे, आणि ती कहाणी मला फार ओढ लावते. तुम्ही वर्गात बटाट्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकून दाखवता ना? चकती काळी-निळी होते, म्हणजे पिष्ट आहे. १८५४ साली जर्मनीत व्हिर्चो या विकृतिशास्त्रज्ञानं मृतदेहातल्या एका चिवट, मेणचट पदार्थावर आयोडीन टाकलं, आणि रंग पिष्टासारखा पालटला. म्हणून त्यानं त्याला अमायलॉइड, म्हणजे पिष्टासारखं, असं नाव दिलं. पुढं कळलं की ते पिष्ट नाही, प्रथिन आहे. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. १९०१ च्या सुमाराला अमेरिकेत यूजीन ओपी यानं मधुमेहानं गेलेल्या माणसांचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिथं इन्शुलिनच्या पेशींची बेटं असायची तिथं त्याला काचेसारखा गुळगुळीत थर दिसला. तो थर कशाचा, हे पुढची पंच्याऐंशी वर्षं कुणाला सांगता आलं नाही. १९८७ साली स्वीडनमध्ये पेर वेस्टरमार्क आणि ऑक्सफर्डमध्ये गार्थ कूपर यांच्या गटांनी तो थर वेगळा करून त्यातली साखळी वाचली. तेच हे ३७ अमिनो आम्लांचं हॉर्मोन. अमायलॉइडमधून निघालं म्हणून अमायलिन.

म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हे हॉर्मोन स्वतःच्याच घरात गोठून बसतं. पेशीला बेसुमार काम पडलं की साखळ्या नीट सुट्या राहत नाहीत, एकमेकींत अडकतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचे थर. मधुमेही माणसांच्या शवविच्छेदनात बहुसंख्यांच्या स्वादुपिंडात हे थर सापडतात. आज बहुतेक संशोधकांचा कल असा आहे की जाड थरापेक्षाही त्याआधीच्या लहान गुठळ्या बीटा पेशींना जास्त घातक ठरतात. साखर वाढल्यामुळं थर बसतात की थरांमुळं साखर वाढते, हा वाद पूर्ण मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही एकमेकांना ढकलत राहतात. काम वाढलं की गुठळ्या, गुठळ्यांनी पेशी मेल्या की उरलेल्यांवर आणखी काम.

यात मांजराचाही एक धडा आहे. मांजरांना माणसासारखाच मधुमेह होतो, आणि त्यांच्या स्वादुपिंडातही हेच थर सापडतात. उंदरांना होत नाहीत. उंदराच्या अमायलिनमध्ये २५, २८ आणि २९ या जागांवर प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल आहे. प्रोलिन आलं की साखळीला बाक येतो आणि ती शेजारणीला चिकटू शकत नाही. तीन मणी वेगळे, आणि रोगाचं एक अंग गायब. प्रयोगशाळेतल्या उंदरावर विसंबून हा प्रश्न सुटणार नव्हता. माणसाचं जनुक उंदरात घातलं, तेव्हा कुठं तिथंही थर दिसू लागले.

याच तीन मण्यांनी पहिलं औषध दिलं. माणसाचं अमायलिन बाटलीतही गोठतं, म्हणून त्याचं इंजेक्शन करता येईना. संशोधकांनी माणसाच्या साखळीत उंदराचे ते तीन प्रोलिन बसवले, आणि ती सुटी राहिली. ते प्रामलिंटाइड. अमेरिकेत मार्च २००५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, इन्शुलिन घेणाऱ्या दोन्ही प्रकारच्या मधुमेहींसाठी. मी ते कुणाला दिलेलं नाही, पण त्याचा इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा, कारण भाच्याच्या इंजेक्शनाची ती थोरली बहीण. त्यानं जेवणानंतरची उसळी कमी झाली, तीन महिन्यांची साखर साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरली, वजनही थोडं घटलं. पण दिवसातून प्रत्येक मोठ्या जेवणाआधी टोचायचं, तेही इन्शुलिनमध्ये न मिसळता वेगळ्या सुईनं. मळमळ खूप. शिवाय मोठा धोका असा की जेवणाचं इन्शुलिन आधी निम्मं केलं नाही तर पुढच्या तीन तासांत साखर जिवावर बेतेल इतकी घसरू शकते. ज्यांचं जठर जुन्या मधुमेहानं आधीच मंदावलं आहे, त्यांना तर ते देऊच नये. माझ्या जुन्या पेशंटांमध्ये असे काही आहेत: दोन घास खाल्ले तरी पोट तुडुंब, सकाळचं जेवण संध्याकाळी ओकतात. त्यांचा त्रास तुमच्या नेमका उलटा. ‘भूक आवरणारं औषध’ ऐकून सगळ्यांनीच धावू नये, ते यासाठी.

भाचा म्हणतो ते बहुधा कॅग्रिलिंटाइड. तेही अमायलिनसारखंच, पण रेणूला अशी जोड दिलेली आहे की ते रक्तात आठवडाभर टिकतं. एकट्यानं देण्यापेक्षा ते सेमाग्लुटाइडबरोबर देण्यावर जास्त काम झालं आहे. सेमाग्लुटाइड आतड्यातल्या जीएलपी-१ या हॉर्मोनची नक्कल करतं, म्हणजे एक निरोप आतड्याकडून आणि दुसरा स्वादुपिंडाकडून. २०२५ साली या जोडीच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल छापून आले. पहिलीत मधुमेह नसलेली, वजन जास्त असलेली तीन हजारांवर माणसं होती. ६८ आठवड्यांनी जोडऔषधानं वजन सरासरी २०.४ टक्के उतरलं, एकट्या सेमाग्लुटाइडनं १४.९, एकट्या कॅग्रिलिंटाइडनं ११.५ आणि औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनानं ३ टक्के. दुसरीत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेली माणसं होती. तिथं तेच औषध, तेवढाच काळ, पण उतार १३.७ टक्क्यांचा. हा दुसरा आकडा तुमचा आहे, पहिला नव्हे. जाहिरातीत आणि नातेवाइकांच्या फोनवर पहिलाच फिरतो. पहिल्या चाचणीत दहांतल्या जवळपास आठ जणांना पोटाच्या तक्रारी झाल्या, बहुतेकांच्या सौम्य किंवा मध्यम आणि तात्पुरत्या. दोन्ही निरोप एकाच रेणूत बसवलेलं अमिक्रेटिनही चाचण्यांत आहे.

मला या औषधांचं खरंच मोल वाटतं. वीस टक्क्यांच्या आसपास वजन उतरणं हे पूर्वी शस्त्रक्रियेशिवाय शक्य नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या माणसांना आयुष्यभर ‘ताबा नाही’ म्हणून हिणवलं, ती एका हॉर्मोनची नक्कल टोचल्यावर शांतपणे अर्धं ताट ठेवून उठतात. याहून चांगला पुरावा घरच्यांना कोणता द्यावा? पण वजनाबरोबर स्नायूही जातात, औषध बंद केलं की भूक परत येते, आणि पाठीमागं दहा-वीस वर्षांचा अनुभव अजून नाही. ‘फक्त संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून यांच्या कुप्या परदेशात ऑनलाइन विकल्या जातात, त्यात काय आहे हे कुणी तपासलेलं नसतं. भाचा तुमच्यावर माया करणारा आहे, पण असली कुपी त्यानं पाठवली तर परत पाठवा.

थांबू का, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. तीन महिन्यांची साखर ९.१ म्हणजे सरासरी दोनशेच्या वर. एवढी साखर बीटा पेशींना स्वतःच विषासारखी असते. ग्लिमेपिराइड हे स्वस्त आणि उपयोगी औषध आहे, मी ते रोज लिहून देतो. पण ते काम करतं ते दमलेल्या पेशीला आणखी पिळून. पेशीत पिळायला काही उरलं नाही की त्याचा डोस वाढवून हाती फार काही लागत नाही. बाहेरून इन्शुलिन दिलं, साखर खाली आली, की उरलेल्या पेशींना विसावा मिळतो. तुमच्यापाशी अजून काही पेशी शिल्लक असणार, आणि त्यांच्याबरोबर थोडं अमायलिनही. ते राखायचं तर वाट पाहण्यात वेळ घालवू नका. आज इन्शुलिन सुरू केलं म्हणून उद्या नवं औषध घेता येणार नाही, असं काही नाही. पुढं वजन आणि साखर पाहून मात्रा कमीही करता येते. ‘एकदा इन्शुलिन लागलं की माणूस संपला’ हे वाक्य मी फोंड्याच्या बाजारापासून वाळपईपर्यंत ऐकलं आहे. त्या भीतीनं इन्शुलिन लांबवत गेलेल्या माणसांचे पाय आणि डोळे मी पाहिले आहेत.

आपल्या गोव्यात ही भीती फार महाग पडते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या देशभरातल्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, आणि गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत सर्वात जास्त. चार मोठ्या माणसांत एक. चवथीला तुमच्या घरी आरतीला उभी असलेली माणसं मोजून बघा.

अमायलिन तपासता येतं का, याचं उत्तर थोडक्यात. संशोधनात मोजतात, रोजच्या इलाजात नाही. ते रक्तात काही मिनिटंच टिकतं, प्रमाण अत्यल्प, आणि आकडा आला तरी त्यावरून इलाज ठरत नाही. बीटा पेशी किती उरल्या याचा अंदाज हवा असेल तर सी-पेप्टाइड ही चाचणी आहे. तीही प्रत्येकाला लागत नाही. गरज वाटली तर तुमचे डॉक्टर सांगतील.

आता तुमच्या भुकेबद्दल एक महत्त्वाचं. सगळा दोष अमायलिनवर टाकून मी मोकळा होणार नाही. साखर दोनशेच्या वर राहिली की ती लघवीतून वाहून जाते, पेशी उपाशी राहतात आणि भूक लागतच राहते. ही भूक साखर आटोक्यात आली की आपोआप उतरते. ग्लिमेपिराइड घेऊन तुम्ही सकाळी घाईत थोडंसं खाऊन शाळेत जात असाल, तर अकराच्या सुमाराला साखर घसरून हातपाय थरथरणं, घाम आणि अनावर भूक हे होऊ शकतं. त्या भुकेला जो शिस्तीचा उपदेश करील तो चूक करतो. तिथं साखर मोजायची, ७० च्या खाली असली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि डॉक्टरांना कळवायचं. अपुरी झोपही भूक वाढवते. म्हणून ही कारणं वेगळी काढल्याशिवाय ‘माझं अमायलिन कमी आहे’ असं ठरवू नका. जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी, असे तीन दिवसांचे आकडे वहीत मांडा. सोबत भूक कधी लागली तेही लिहा. पेशंटच्या तोंडी हकिकतीपेक्षा अशी वही मला जास्त सांगते.

निरोप दुबळा झाला असेल तर त्याला पोचायला वेळ द्यायचा. आपल्याकडं ताट मांडतात ते आधी शिताचा डोंगर, त्यावर हुमण, म्हणजे माशांची आमटी, आणि मासळीची तुकडी कडेला. हा क्रम उलटा करा. आधी भाजी आणि मासळी, शिवराकाच्या, म्हणजे शाकाहाराच्या, दिवशी मुगागाठी किंवा अळसांदे असं कडधान्य, आणि मग शीत. लहान अभ्यासांत असं दिसलं आहे की प्रथिन आणि भाजी आधी खाल्ली तर तेवढ्याच भातानं जेवणानंतरची साखर कमी उसळते. जठर सावकाश रिकामं होण्याशी त्याचा संबंध आहे. म्हणजे अमायलिन जे काम करायचं, त्यातलं थोडं आपण ताटातल्या क्रमानं करून घेतो. काकांना मी ‘अर्धा भात’ म्हणायचो. ‘आधी मासळी’ म्हणालो असतो तर त्यांनी ते केलं असतं असं आता वाटतं, कारण त्यात उपाशी उठायचं नव्हतं. उकडे तांदूळ पांढऱ्यापेक्षा जरा बरे, पण ते खाल्ले म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेता येत नाही. पेजेचं मात्र सांभाळा. अकराची पेज ही शेतात राबणाऱ्यांची सोय होती. पातळ पेज जठरातून भराभर उतरते आणि साखर लगेच चढते. घ्यायचीच तर वाटीभर, आणि सोबत तोंडी लावायला उसळ किंवा अंडं. पाव, पोई, उंडे यांची मोजणी भाताबरोबरच करायची. ताट आटपायला वीस मिनिटं तरी लागू द्या. मधल्या सुट्टीतल्या सवयीनं शिक्षक माणसं सात मिनिटांत जेवतात, हे मी बघतो.

इन्शुलिन सुरू करताना तुमचे डॉक्टर बहुधा रात्रीचं एक लांब पल्ल्याचं, दहा युनिटच्या आसपासचं देतील आणि सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावरून वाढवत नेतील. ग्लिमेपिराइडचं काय करायचं हे त्यांना त्याच दिवशी विचारा, कारण दोन्ही मिळून साखर घसरू शकते. जाताना ती वही न्या, आणि जमलं तर यजमानांनाही बरोबर न्या.